उलटी चंद्रकोर

तीर्थरूप बाबा,
तुमच्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी ठीक आहे, जेवणाची आबाळ नाही. तिकडे उकाड्याने जीव नकोसा झाला असेल. इकडे मी दोन स्वेटर चढवून वॉर्डात फिरते. कललेली पृथ्वी तुमची बाजू सूर्याकडे झुकवते तेव्हा आमची दूर जाते, हे तुम्हीच शिकवलंत.

काल संध्याकाळी खिडकीजवळचे शिंपीआजोबा जेवेनात. म्हणाले, "ती कोर रोज वाढते कशी ते सांग, मग खातो." मी दिवा लावला आणि ताटातलं उकडलेलं अंडं चमच्यात धरून त्यांच्याभोवती फिरवलं. कोर वाढत गेली, डोक्याची सावली पडली तेव्हा ग्रहणही झालं. मग त्यांनी चंद्राला मीठ लावून खाल्लं.

पण एक अडलंय. आपल्याकडे वाढता चंद्र उजवीकडून उजळतो, इथे डावीकडून. असं का?

मागची दोन्ही पत्रं आईच्या अक्षरात होती. ती म्हणते, तुमचे डोळे दुखतात. फोनवर मात्र तुम्ही दोनदा मला ताई समजून बोललात. औषधं घेता ना?

हे उत्तर आईकडून लिहवून घेऊ नका. चुकलं तरी चालेल, अक्षर तुमचं हवं.

वाट पाहणारी,
तुमची धाकटी