कानबाईच्या सात तबकड्या

१९ जुलै १९९९, सोमवार

पहिली तबकडी वाया गेली.

शाई बसली नाही, साचली. कानबाईच्या मुखवट्याचा तांबडा रंग नथीत उतरला, नथीचा पिवळा ओठांत. खालच्या ओळीतील अक्षरे पावसात सापडलेल्या पोस्टकार्डासारखी. चूक माझीच. कागदाचा प्रकार निवडताना 'साधा कागद' तसाच राहू दिला. साधा कागद शाई पितो. तबकडीची पांढरी बाजू तेवढी पीत नाही. हे आधी कळावयास हवे होते. पण कसे कळणार? माहितीपुस्तिका अथपासून इतिपर्यंत जपानी! चौतीस वर्षे व्याकरण शिकवले आणि आता चित्रे पाहून अर्थ लावतो आहे.

प्रिंटर उल्हासने ओसाकाहून पाठवला. (मुद्रक म्हणावे तर तो माणूस होतो.) त्याच्या कारखान्यातील चाचणीचा नमुना — अद्याप बाजारात आलेला नाही. थेट तबकडीवर (सीडी म्हणतात ती) छापतो. सोबत पांढऱ्या पाठीच्या बारा तबकड्या. अशा जळगावातच काय, मुंबईतही मिळावयाच्या नाहीत, असे चिरंजीवांचे म्हणणे.

अकरा उरल्या. लागणार सात.

२० जुलै, मंगळवार

सर्व क्रमाने लिहून ठेवतो. पुढे गोंधळ नको.

तबकड्यांत आईची गाणी आहेत. १९८१ च्या कानबाईला धुळ्याच्या घरी मी माझ्या टेपरेकॉर्डरवर घेतली होती. एकूण तेवीस. पिंप्राळ्यातील आमचे शेजारी प्रकाशचंद यांची सून कुसुमलता घरी संगणकाचे वर्ग घेते. तिने ती कॅसेटवरून संगणकात उतरवली, खरखर काढली, आणि बाराही तबकड्यांत भरून दिली. म्हणाली, "आधी गाणी, मग छपाई, नानाजी. उलटं केलं आणि गाणी नीट नाही बसली, तर छापलेली तबकडी गेली ना कचऱ्यात!" मुलगी हुशार आहे. शब्दक्रम सोडल्यास.

कानबाई, आम्हा खानदेशकरांची देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. यंदा २२ ऑगस्टला. धुळ्याला, माझ्या धाकट्या भावाकडे — अभिमनकडे. भाऊबंदांची सात घरे जमतात. घरटी एक तबकडी.

मी अकरा वर्षांत गेलेलो नाही.

२२ जुलै, गुरुवार

दुसरी छापली. उत्तम आली. दहा मिनिटांनी वाळली का ते बोटाने पाहिले. आता देवीच्या गालावर माझ्या तर्जनीचा ठसा आहे — तोही उत्तम आलेला!

नियम: चोवीस तास हात लावू नये. या हवेत अठ्ठेचाळीस.

२५ जुलै, रविवार

उल्हासचा फोन. रविवारी दर कमी असतो म्हणून रविवारी.

"नाना, कागदाच्या प्रकारात वरून तिसरा पर्याय घ्या. आणि दाटपणा दोन घरं खाली."

"त्या पर्यायाचे नाव काय?"

"नाव घेऊन काय करणार? तिसरा!"

मग विचारले, काकांना कळवले का. म्हटले, छपाई झाल्यावर कळवीन. "छपाई कोण बघणार आहे, नाना? काका गाणी ऐकतील." मी विषय बदलला. ओसाकातही पाऊस आहे.

तिसरी तबकडी तिसऱ्या पर्यायाने छापली. रंग आता मर्यादेत राहतात. परंतु संपूर्ण चित्र डावीकडे सरकले. मधल्या पारदर्शक कड्यावर शाई गेली आणि तेथे दवासारखे थेंब उभे राहिले. ती जागा शाई घेतच नाही. मोजपट्टी लावली. दीड मिलिमीटर. कुसुमलता म्हणाली, "दिसत पण नाही, नानाजी." मला दिसते.

२९ जुलै, गुरुवार

वीज गेली. देवी नथीपर्यंतच छापली गेली. आठ उरल्या.

२ ऑगस्ट, सोमवार

आज एकही तबकडी बिघडवली नाही. कारण एकही छापली नाही. दिवसभर कागदावरच चाचण्या. निष्कर्ष:

तबकडीचे वर्तुळ आधी कागदावर छापावे. त्यावर खरी तबकडी ठेवून खिडकीच्या उजेडात धरावे. जेवढे सरकले असेल तेवढे उलट दिशेला सरकवून पुन्हा छापावे. मला चार कागद लागले. पाचव्यावर कडेला कड मिळाली.

अक्षरे तांबड्या रंगावर घेऊ नयेत. पांढऱ्या जागेत घ्यावीत. काळा रंग तीन रंगांच्या मिश्रणातून काढला की अक्षरांना निळसर कड येते. त्यासाठी काळ्या शाईचीच नळी वापरावी — तो पर्याय पुस्तिकेच्या बाविसाव्या पानावरील चित्रात आहे.

वेग सर्वांत कमी ठेवावा. एक तबकडी सहा मिनिटे घेते. घेऊ द्यावीत.

जपानी यंत्राला शंभर व्होल्ट लागतात. मध्ये विजेचा दाब उतरवणारा जो लोखंडी ठोकळा बसवला आहे तो गुणगुणतो आणि तापतो. त्याच्याजवळ तबकड्या ठेवू नयेत.

सायंकाळी प्रकाशचंद आले. कापडाचे व्यापारी, सर्व गोष्टींकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहतात. मी भिंग लावून कागद तपासत होतो. म्हणाले, "मास्तर, मी साडीचा पदर एवढा निरखत बसलो ना, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात लगीन लावून येईल!" स्वतःच हसले. चहा घेतला. जाताना मात्र भिंग मागून स्वतः पाहिले आणि म्हणाले, "हां. ती निळी किनार वाईट."

५ ऑगस्ट, गुरुवार

पाचवी गेली! सगळे बरोबर असताना. चेहऱ्यावर आडव्या पांढऱ्या रेघा, केसासारख्या, सारख्या अंतराने. तीन दिवस यंत्र बंद होते. शाईची बारीक भोके वाळून बंद झाली. उल्हासने बजावले होते की रोज एक कागद तरी छापत जा. मी शाई वाचवीत होतो.

सात उरल्या. लागणार सात.

६ ऑगस्ट, शुक्रवार

यंत्राच्या तोंडाची सफाई दोनदा केली. रेघा गेल्या. तबकडी मात्र घातली नाही.

एक गोष्ट येथे लिहावी, कारण अन्यत्र लिहिण्याचा प्रश्न नाही.

आई १९८७ च्या डिसेंबरात गेली. पुढच्या कानबाईला मी म्हटले की थोरला मी, तेव्हा देवी यापुढे जळगावी बसावी. अभिमन म्हणाला, "माय जठे बसे, देवी तठेच बसी." सर्वांसमोर म्हणाला. मी उठून आलो. येताना कॅसेट घेऊन आलो. टेपरेकॉर्डर माझा, कॅसेट माझी. यात चूक काही नव्हते.

महिन्याने तो येथे आला. बसला नाही, उंबऱ्यातूनच म्हणाला, "नाना, मायना आवाज द्या. नक्कल करी परत करस." मी म्हटले, खरखर फार आहे, स्वच्छ प्रत काढून देईन. माझी पत्नी प्रमिला आतून पाणी घेऊन आली तोवर तो जिना उतरला होता.

पुन्हा त्याने मागितली नाही. तो त्याचा ताठा. मीही दिली नाही. प्रत खरोखरच स्वच्छ नव्हती.

प्रमिला ९३ साली गेली. त्यानंतर या विषयावर घरात कोणी बोलले नाही. बोलावयास कोणी नव्हतेच.

१२ ऑगस्ट, गुरुवार

सातही झाल्या!

रोज एक, दुसऱ्या दिवशी आधीची भिंगाखाली तपासून मग पुढची, शेवटच्या दोन एकाच दिवशी. रंग स्वच्छ. नथीतील मोती मोजता येतात. खाली एकच ओळ: 'कानबाईची गाणी — धुळे, १९८१'. आईचे नाव घालावे की नाही यावर एक पूर्ण दिवस घालवला. घातले नाही. तिच्या आवाजाला ते घर नावाशिवाय ओळखील.

देवघराच्या खोलीत स्वच्छ पाटावर ओळीने मांडल्या आहेत. तेथे वारा आहे, धूळ नाही. सोमवारपर्यंत तशाच राहतील.

अभिमनला कार्ड टाकले. "रविवारी येत आहे. आईची गाणी स्वच्छ करून आणत आहे." अधिक लिहिण्यासारखे नव्हते.

१६ ऑगस्ट, सोमवार. नागपंचमी

सर्व सातही.

सकाळी मी वाचनालयात होतो. लताबाई — आमच्याकडे स्वयंपाकाला येतात, मूळच्या पहूरच्या — सणाची पूजा करावयास देवघरात गेल्या. पाटावर सात कानबाया ओळीने बसलेल्या पाहिल्या. त्यांनी प्रत्येकीला हळद लावली. कुंकू लावले — पाण्यात कालवून, बोटाने. नंतर फुलाने पाणी शिंपडले.

ही शाई पाण्याची असते. चार दिवस वाळली काय आणि चार महिने वाळली काय, पाणी लागले की सुटते. कपाळापासून तांबडी धार निघाली आहे, ती थेट अक्षरांपर्यंत. एका तबकडीवर '१९८१' उरले आहे. दुसरीवर फक्त नथ.

मी आवाज चढवला. चढवावयास नको होता. त्या म्हणाल्या, "देवीनं कपाय कोरं दिखनं, नाना. सणना दिन. मी काय वाईट करं?"

देवी छापली, ती ओळखू यावी म्हणून नथीतल्या मोत्यापर्यंत छापली, त्यांनी ओळखली.

जेवलो नाही. त्याही जेवल्या नाहीत, हे नंतर भांडी पाहून कळले.

१७ ऑगस्ट, मंगळवार

जाणार नाही. पुढील वर्षी. उल्हासला आणखी बारा तबकड्यांसाठी लिहिले.

१९ ऑगस्ट, गुरुवार

दोन गोष्टी घडल्या.

दुपारी कुसुमलता आली. लताबाईंनीच तिला पाठवले असावे. काही न विचारता कुंकवाची एक तबकडी पुसून तिच्या यंत्रात घालावयास घेऊन गेली आणि मला हाक मारली. गेलो. वाजत होती. दुसरी घातली — वाजत होती. सातही. "गाणं तर खालच्या बाजूला असतं, नानाजी. वरची बाजू म्हणजे नुसती साडी." सासऱ्याचे बोलणे उचलले आहे. मी म्हटले, वाजणे निराळे आणि नीट असणे निराळे. "हां, पण तुम्ही बसा ना. एकदा पूर्ण ऐका. छापताना ऐकलं तरी का तुम्ही?"

ऐकले नव्हते. हे खरे आहे. तिने भरले, मी छापले. अकरा वर्षे कॅसेट कपाटात होती, तेव्हाही नाही.

तेवीस गाणी बसून ऐकली. सातव्या गाण्यात आई मध्येच थांबून कोणाला तरी "दार लोट रे, धूर व्हस" म्हणते आणि पुढची ओळ उचलते. कोणाला म्हणाली ते आठवत नाही. कुसुमलतेने पाणी आणून ठेवले आणि बाहेर जाऊन बसली.

दुसरी गोष्ट: घरी आलो तर अभिमनचे कार्ड. एकच ओळ. "नाना, या. रोटना गहूमा तुमनी मूठ धरेल शे." रोटाचा — कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा — गहू घरातल्या पुरुषांगणिक मुठीने मोजतात, आणि तो रोट भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत. न गेलो तर माझा वाटा त्यांना खाऊन संपवावा लागेल. हे योग्य नव्हे.

२१ ऑगस्ट, शनिवार

सातही तबकड्या कोरड्या फडक्यात, मध्ये कागद घालून, पिशवीत ठेवल्या. तबकडी वाजवण्याचे यंत्र कुसुमलतेने स्वतःचे दिले. कसे लावावयाचे ते दोनदा दाखवले. देताना काय म्हणावयाचे ते मनात जुळवले: 'उशीर झाला. वरची बाजू बिघडली आहे. गाणी स्वच्छ आहेत.' तीन वाक्ये. पुरेत.

लताबाईंना सांगितले की उद्या येऊ नका, मी धुळ्यास जात आहे. "त्याच लई जाई ऱ्हायनात?" त्याच, म्हटले. त्यांनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

२२ ऑगस्ट, रविवार. धुळे

बसने बारा वाजता पोचलो. गल्लीच्या तोंडाशीच आईचा आवाज ऐकू आला. सातवे गाणे. "दार लोट रे." पिशवी माझ्या हातात होती आणि बंद होती.

देवीसमोर जुना टेपरेकॉर्डर. शेजारी कॅसेटची डबी, तीवर चिकटवलेला वहीचा कागद, बॉलपेनने लिहिलेले: 'आईंची गाणी'. अक्षर प्रमिलाचे.

अभिमनची बायको कमलबाई म्हणाली, "आक्कानी नक्कल करी दिधी व्हती. अठ्ठ्याऐंशीनी दिवाईले. म्हने, नानास्ले कळू देऊ नका."

दर वर्षी लावता का, असे मी विचारले.

"दर वरीसले," अभिमन म्हणाला. "बसा, नाना."

बसलो.