जवळजवळ सगळे अजून आहेत

४ मार्च, मंगळवार

पेटीत आज नऊ चिठ्ठ्या. चार एकट्या सूर्याच्याच — सूर्य फुटेल का, कधी फुटेल, फुटण्याआधी आपल्याला सांगतील का! फळ्यावर लिहिलं: फुटणार नाही. तसं फुटायला फार वजन लागतं, आपला सूर्य त्या मानाने हलका. तो फुगेल, बाहेरची आवरणं सोडून देईल, मधे एक पांढरा निखारा उरेल आणि तो निवत जाईल. अजून पाच अब्ज वर्षं आहेत, तेवढ्यात कामं उरकून घ्या.

शेवटचे शब्द पुसले. ती ताईची थट्टा. तिलाच शोभायची.

तारांगणाचं हे काम मी दहा महिने "तात्पुरतं" करते आहे. मूळ काम शाळेची पुस्तकं लिहिण्याचं. मंगळवारी आणि शुक्रवारी पेटी उघडायची, लोकांचे प्रश्न वाचायचे, खडूने उत्तरं लिहायची. सोळा वर्षं ताई, माझी थोरली बहीण, हे करत होती. ती गेल्यावर साहेब म्हणाले, "माणूस मिळेपर्यंत तुम्ही बघा." माणूस मिळालं नाही. कुणी शोधलंही नसावं.

साडेबाराला घुमटाची दारं लागली आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज सुरू झाला. अकरा वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण, अजून रोज लागतं. मी खडू ठेवून अंगणात जाऊन उभी राहिले. दहा महिन्यांत एकदाही आत गेलेली नाही.

७ मार्च, शुक्रवार

"चमचाभर न्यूट्रॉन तारा किती जड?" हा दर आठवड्याला ठरलेला. लिहिलं: एका डोंगराएवढा. पण चमच्यात तो राहणारच नाही. तिथून बाहेर काढला की वरचा दाब सुटतो, आणि दाब सुटला की सगळं उधळतं. त्या दाबाखाली आहे तोवरच ते तसं गप्प.

लिहिताना घर आठवलं. का कोण जाणे.

एक चिठ्ठी तिकीटवालीच्या अक्षरात. चष्मा विसरून आलेल्यांना ती चिठ्ठी लिहून देते. "निवेदिका म्हणतात, आपल्याला दिसणाऱ्यांतले कितीतरी तारे कधीच मेलेले आहेत, नुसता त्यांचा प्रकाश येतो आहे. ते कोणते? बोट दाखवून सांगा."

चिठ्ठी दोनदा वाचली. कारण ते वाक्य ताईचं नाही. माझं आहे. खेळाचं निवेदन मी लिहिलं, तिने वाचलं. आणि ते वाक्य चूक आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे फार तर काही हजार प्रकाशवर्षं लांब. ते जगतात लाखो, कोट्यवधी, अब्जावधी वर्षं. त्यांचा प्रकाश निघून इथे पोचेपर्यंत मेलेला असा त्यात एखादा तरी असेल की नाही, शंकाच.

त्या दिवशी माइकसमोर बसून ताई म्हणाली होती, "अगं, हे खरं नाहीये."

"पण ऐकायला किती छान वाटतंय!"

"तू म्हणतेस म्हणून हं," म्हणाली, आणि वाचलं. सुंदर वाचलं.

मागच्या एप्रिलमध्ये तारांगणातून तिचा फोन आला — "ते वाक्य एकदा बदलू या गं. लोक विचारतात." मी कुठल्याशा पुस्तकाच्या घाईत होते. म्हटलं, "पुढच्या महिन्यात नक्की." पुढचा महिना तिला अर्धाच मिळाला. साधं पित्ताशयाचं ऑपरेशन. तिसऱ्या दिवशी घरी येणार होती.

उत्तर लिहिलं नाही. चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

८ मार्च, शनिवार

आईच्या कानातल्या मशीनच्या बॅटऱ्या पुन्हा संपल्या. महिन्यात दुसऱ्यांदा! घरी तर मशीन डबीतच असतं. "खराब निघाल्या असतील," म्हणाली आणि दुपारची पाय मोकळे करायला निघून गेली.

११ मार्च, मंगळवार

त्याच हाताच्या दोन चिठ्ठ्या. पहिली — "मागच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही." दुसरी — "न्यूट्रॉन ताऱ्याचे ठोके तुम्ही ऐकवता. ठोके पडतात तर मग तो मेलेला कसा?"

दुसरीचं उत्तर लिहायला तास गेला. लिहिलं: तारा म्हणून तो संपलेला आहे. त्याच्यात आता काही जळत नाही. मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळून एका शहराएवढा उरतो आणि आक्रसल्यामुळे गरागरा फिरतो. फिरताना दर फेरीला त्याच्या लहरींचा झोत आपल्यावरून जातो, तोच ठोका. त्या लहरी कानाला ऐकू येत नाहीत, आम्ही त्यांचा आवाज करून ऐकवतो. आणि दर ठोका आधीच्यापेक्षा किंचित उशिराने पडतो. इतका किंचित, की आपल्या आयुष्यात कळणार नाही.

तिकीटवालीला विचारलं, "कोण हो हे?"

"आजीबाई आहेत एक. रोज साडेबाराचा खेळ, शेवटची रांग, कडेची खुर्ची. हात थरथरतात, म्हणून मी लिहून देते. मी म्हटलं, आजी, रोज रोज तेच काय बघता? तर मलाच म्हणतात कशा — बघायला कोण येतंय!"

तिकीटवाली नवी आहे. ताईला तिने पाहिलेलं नाही. नुसतं ऐकलंय.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांनी वर बोलावलं. कुणा प्राध्यापकांचं तक्रारीचं पत्र — निवेदनात ढोबळ चूक आहे म्हणून. साहेब म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. एक तारखेपासून नवा खेळ लावू. नवा आवाज, सगळं नवं. जुनं पुसून टाकायचं, यंत्रात जागा नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "ताईंकडून अशी चूक व्हावी म्हणजे—"

"चूक माझी आहे." इतकं म्हणायला दोन सेकंद लागतात. म्हणाले नाही. जिना उतरून आले.

तिचा आवाज सतरा दिवसांनी जाणार. आणि जाताना माझी चूक घेऊन जाणार.

१६ मार्च, रविवार

सकाळी घरचा फोन वाजला. आत्या, कितीतरी महिन्यांनी. मी "हॅलो" म्हटलं आणि तिकडून पटकन, आनंदाने — "थोरली?"

मग तिच्या लक्षात आलं. आम्हा दोघींचे आवाज फोनवर आईलाही वेगळे ओळखू यायचे नाहीत. आत्या रडायला लागली आणि मी रिसीव्हर ठेवला. ठेवायला नको होता.

आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. "कोण होतं?"

"राँग नंबर."

घरात आम्ही ताईचं नाव घेत नाही. तिचं काम मी करते आहे, हेही आईला सांगितलेलं नाही. तसं काही ठरलं नव्हतं, होऊन बसलं. तिचा टॉवेल अजून खुंटीवर आहे. दोघी त्याला चुकवून हात पुसतो.

१८ मार्च, मंगळवार

ताईची जुनी फाइल काढली. दिलेलं प्रत्येक उत्तर उतरवून ठेवायची ती. मलाही तिनेच ती सवय लावली. "मेलेले तारे कोणते?" हा प्रश्न तिला दरवर्षी कुणी ना कुणी विचारलेला. आणि दरवर्षी तेच उत्तर, त्याच टपोऱ्या अक्षरात — "निवेदनात चूक आहे. दिसणारे जवळजवळ सगळे तारे अजून आहेत. चूक माझी आहे, माफ करा."

माझी! एकदाही "लिहिणाऱ्याची" नाही. एकदाही "माझ्या बहिणीची" नाही. आणि घरी आल्यावर मला एक चकार शब्द नाही.

फाइल मिटली तरी अक्षर दिसत राहिलं.

आजीबाईंची आजची चिठ्ठी — "मेलेल्याचा प्रकाश किती दिवस पुरतो? शेवटचा दिवस आधी कळतो का?"

लिहिलं: जितकं अंतर, तितकी वर्षं पुरतो. मग एके दिवशी संपतो. आधी कळत नाही.

खोटं. या वेळी कळलेला आहे. तिकीट खिडकीशेजारी पाटी लागली आहे — एक एप्रिलपासून नवा खेळ.

२१ मार्च, शुक्रवार

आज आत गेले. आजीबाईंना गाठून समजावून सांगावं, एवढंच मनात होतं. त्यांचा एवढा जीव गुंतलाय, तर त्यांना हे नुसतं पाटीवरून कळू नये.

दार लागलं. काळोख. आणि डोक्यावरून, चहूबाजूंनी ताई — "डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे. घाई नाही." लहानपणी वीज गेली की अशीच म्हणायची, माझा हात धरून. भिंतीला टेकून उभी राहिले. तारे उगवले. तिने तेच सगळं सांगितलं. मीच लिहिलेलं, पण पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं. "ऐका," म्हणाली, आणि न्यूट्रॉन ताऱ्याचे ठोके सुरू झाले. घुमटभर नुसते ठोके, आणि ती गप्प.

तेवढ्या उजेडात शेवटची रांग दिसली. कडेची खुर्ची.

आई.

पदर घट्ट लपेटलेला. मान वर. एक हात कानापाशी — मशीनचा आवाज वाढवत होती. मग ताई माझं वाक्य म्हणाली. "यातले कितीतरी कधीच मेलेले आहेत." आईने मान हलवली. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं होतं तेव्हा हलवली होती, तशीच. हो, समजलं.

दिवे लागायच्या आत बाहेर पडले. तडक जिना चढले.

"साहेब, ते वाक्य ताईचं नाही, माझं आहे. ती नको म्हणत होती. पुसायचं तर माझं पुसा."

साहेब म्हणाले, "अहो, मग आधी नाही सांगायचं?"

"दहा वर्षं ती सांगत होती की तिची चूक आहे. मला सोयीचं होतं."

त्यांनी प्राध्यापकांचं पत्र पुन्हा काढून वाचलं. मग म्हणाले, "एक वाक्य बदलता येईल. बाकीचं राहू दे. पण जोड कळता कामा नये! आणि हे नवा प्रोजेक्टर येईपर्यंतच."

"कधी येणार आहे?"

"दोन वर्षं झाली, येतोच आहे," म्हणाले आणि स्वतःच हसले.

खाली येऊन फळ्यावर लिहिलं — "७ मार्चच्या प्रश्नाचं उत्तर: निवेदनातलं ते वाक्य चूक आहे. चूक निवेदिकेची नाही. ज्या बाईने ते लिहिलं तिची, म्हणजे माझी. उशीर केला, माफ करा." खडू दोनदा मोडला.

घरी आई नेहमीसारखीच. "दमलीस का?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं.

२५ मार्च, मंगळवार

ध्वनिमुद्रण झालं. यंत्रावर तोच म्हातारा, अकरा वर्षांपूर्वीचा. सगळे त्याला कानसेन म्हणतात. सुई पडली तरी कुठल्या खोलीत पडली ते सांगेल.

"ताईंसारखं म्हणा," म्हणाला. म्हणायला लागले. पहिल्यांदा फार घाईत. मग फार हळू. मग फार गोड. "अहो, गोष्ट नका सांगू. निरोप सांगा!" कितव्यांदा तरी जमलं — "दिसणारे जवळजवळ सगळे तारे, अजून आहेत."

त्याने ते ताईच्या दोन वाक्यांच्या मधे बसवून ऐकवलं. मी नव्हतेच ती. ती होती.

"एवढा श्वास काढतो," म्हणाला. "'अजून'च्या आधी घेतलाय बघा तुम्ही. ताईंचेही सगळे काढले होते. निवेदनातले श्वास काढायचे म्हणजे काढायचे, तशी रीतच आमची. ऐकणाऱ्याला खटकतात."

"सगळे काढले?"

"एकूण एक. सबंध खेळात एक सापडणार नाही. पैज लावा."

मी म्हटलं, "माझा राहू द्या."

"जोड कळेल."

"कुणाला? तुमच्यासारखे कान कुणाला आहेत?"

खूश झाला. राहू दिला. का म्हटलं तसं, अजून कळलेलं नाही. तो काढला असता तर त्या वाक्यात मी उरले नसते, एवढंच वाटलं. आणि भीती वाटली.

२६ मार्च, बुधवार

नवं वाक्य आज लागलं. आई दीड वाजता परत आली. मशीन डबीत ठेवलं आणि जेवायला बसली. मी मेलेल्या बहिणीच्या आवाजात आईला सांगितलं की सगळे अजून आहेत. हे काय करून बसले मी!

२८ मार्च, शुक्रवार

पेटीत एकच चिठ्ठी. तिकीटवालीचं अक्षर नाही. थरथरतं, ओळी खाली घसरलेल्या. उद्याच्या साडेबाराची दोन तिकिटं टाचणीने लावलेली.

"फळ्यावरचं अक्षर मी पहिल्याच दिवशी ओळखलं. घरी विचारवेना, म्हणून इथे विचारत राहिले. उद्या माझ्या शेजारी बस. थोरली सबंध खेळात एकदाही श्वास घेत नाही. मी रोज त्याचीच वाट बघत बसायचे. बुधवारी एक ऐकू आला. तो तुझा."