गल्लीत कळता कामा नये

६ जानेवारी, सोमवार

आयर्लंडच्या हॉस्पिटलचं पत्र आलं. लिडियाची नर्सची नोकरी पक्की. सोबत मी आणि आमची लेक प्रार्थना. पत्रात माझा उल्लेख 'सोबत येणारे पती' असा आहे. त्यांच्याकडे कुटुंबप्रमुख लिहायची पद्धत नसावी. एप्रिलच्या सुरुवातीला तिला हजर व्हायचंय. त्याआधी आम्हा दोघांनाही पोलिसांचा दाखला लागेल, की यांच्यावर कुठलाही गुन्हा नाही.

निर्णय: भिंगारमध्ये कुणाला कळता कामा नये. विमानात बसेपर्यंत. लोक जळतात. लिडिया म्हणाली, कशावर जळतील, तुमच्या स्कूटरवर? तिला माणसं कळत नाहीत. ती दिवसभर पेशंट बघते. मी एमआयडीसीत गोडाऊनचा स्टोअरकीपर आहे. माणूस गेटातून आत येतानाच जाताना काय उचलणार, हे मी सांगू शकतो.

९ जानेवारी

फॉर्म बघितला. अडचण आहे. दोन शेजाऱ्यांच्या सह्या हव्यात. नात्यातले चालत नाहीत. त्यांनी लिहून द्यायचं की शमुवेल उजागरे इथंच राहतात, चालचलणूक चांगली आहे, परदेशी जायला हरकत नाही. मग हवालदार गल्लीत येऊन खात्री करणार.

म्हणजे माझं भवितव्य शेजाऱ्यांच्या हातात. हा नियम करणाऱ्याला शेजारी नसावेत.

लिडियाचं बरं आहे. तिचा पासपोर्ट माहेरच्या पत्त्यावरचा, पाथर्डीचा, म्हणून तिची चौकशी तिकडेच.

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारच्या गोरक्षची बायको तिळगूळ द्यायला आली. दरवर्षी येते. पण यंदा तिची नजर कपाटावरच्या नव्या बॅगेवर गेली. बॅग नवी का, असं विचारलं नाही. न विचारणं हेच संशयास्पद. बॅगेवर जुनी चादर टाकली.

तिळगूळ चांगला होता.

१९ जानेवारी, रविवार

मंडळीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही जास्त वजनदार, म्हणून चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. ते जवळच राहतात, शेजारी म्हणून खपतील. आनंदाने तयार झाले, पेनसुद्धा काढलं. मग म्हणाले, पुढच्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर तुमच्या प्रवासासाठी विशेष प्रार्थना ठेवू.

फॉर्म त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. म्हणालो, परदेश नाही, नाशिकला बदली आहे. ते म्हणाले, खासगी गोडाऊनची बदली कुठून निघाली? विषय बदलला.

२६ जानेवारी

लिडिया पाथर्डीहून आली. तिचं काम झालं. तिने म्हणे सरळ ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलं. सह्या करायला माणसं रांगेत. हवालदाराला चहा, वर शेंगदाण्याचा लाडू. एक म्हातारी तर म्हणाली, आमची पोरगी हाय, आमीच गुन्हा करू पण ती करायची न्हाई.

सिक्युरिटीच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा. तिला दाखला मिळाला तो नशिबाने. मी मात्र सिस्टिमने जाणार.

२ फेब्रुवारी

सिस्टिम तयार. प्रत्येकाला वेगळं कारण सांगायचं. पाळकसाहेबांना नाशिक सांगून झालंच आहे. गोरक्षला सांगितलं, पुण्याला ट्रेनिंग. समोरच्या छबूमावशींना सांगितलं, सासूबाई आजारी, सारखं पाथर्डीला जावं लागेल. एकाला एकच तुकडा. जुळवणार कोण?

लिडिया म्हणाली, समोरासमोर राहतात, ते एकमेकांशी बोलत असतील की. मी म्हणालो, माझ्याबद्दलच कशाला बोलतील, त्यांना दुसरे विषय नाहीत का?

८ फेब्रुवारी

सह्या झाल्या. अभिमान वाटावा असं काम. फॉर्म असा दुमडला की फक्त सहीची ओळ दिसावी. गोरक्ष टेम्पो धूत होता. म्हणालो, गॅस कनेक्शनचं काम आहे, सही लागते. त्याने हात पँटला पुसले, बोनेटवर कागद ठेवला आणि सही ठोकली. वाचायलाही मागितलं नाही. आधार कार्डाची झेरॉक्स स्वतःहून दिली.

इतक्या पटकन का? सरळ माणूस अशी सही करत नाही. याला काहीतरी माहीत आहे.

छबूमावशींनी नाव लिहिलं. चष्मा वर करून विचारलं, सगळं ठीक हाय ना रं लेकरा? म्हणालो, एकदम ठीक. आणि आणखी एक गोष्ट व्यवस्थित केली. दोघांनाही बजावलं, कुणी अनोळखी माणूस माझी चौकशी करायला आला, तर काही माहीत नाही म्हणायचं. ऑफिसात माझे शत्रू आहेत. दोघांनी माना डोलावल्या. मावशी बराच वेळ मान डोलवत होत्या.

१५ फेब्रुवारी

नोकरीचा राजीनामा दिला. मालकाने एकदाही थांब म्हटलं नाही. माझ्या जागी माणूस आधीच बघून ठेवलेला दिसतोय.

गल्लीत कळू नये म्हणून रोज नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघायचं ठरवलंय. दिवस माळीवाड्याच्या बस स्टँडवर काढायचा. इंग्लिश सुधारायला वेळ मिळेल.

१९ फेब्रुवारी

स्टँडवर इंग्लिशचं पुस्तक उघडलं. झोप लागली. जाग आली तेव्हा समोर गोरक्ष. पाथर्डीच्या गाडीतून आलेलं कुणाचं तरी पार्सल उतरवून घेत होता. म्हणालो, साहेबांची वाट बघतोय. तो म्हणाला, व्हय व्हय, बसा बसा. आणि जाताना मला केळी देऊन गेला.

केळी का दिली? पाळत ठेवून आहे हा माणूस. केळी खाल्ली नाहीत. नंतर खाल्ली.

२३ फेब्रुवारी, पहाटे

फ्रिज, कपाट आणि पलंग विकला. गोरक्षचा टेम्पो दाराशीच असतो, पण तो सांगितला तर गल्लीला कळणार. म्हणून केडगावहून दुसरा टेम्पो मागवला. उजाडायच्या आत सगळं गुपचूप बाहेर काढलं. फ्रिज दारात अडकला तेव्हा थोडा आवाज झाला.

गोरक्ष दात घासत ओट्यावर उभा होता. येऊन फ्रिजच्या दुसऱ्या टोकाला हात लावला आणि टेम्पोत चढवून दिला. मग एवढंच म्हणाला की भाऊ, मला सांगायचं हुतं, मी काय भाडं घेतलं असतं का? चेहरा पडलेला होता. उत्तम नट आहे.

५ मार्च

पोलीस स्टेशनला अर्ज देऊन बरेच दिवस झाले. कुणी आलं नाही. दिवसभर मी बस स्टँडवर असल्यामुळे कदाचित चुकामूक होत असेल. पण डबा न घेता घरी बसलो तर गल्ली काय म्हणेल?

प्रार्थनाने शाळेत मैत्रिणीला विमानाचं चित्र काढून दाखवलं. रागावलो. ती रडली. लिडियाने माझ्याशी रात्रीपर्यंत अबोला धरला. सिक्रेट सांभाळणाऱ्या माणसाचं आयुष्य एकटंच असतं.

१२ मार्च

घात झाला. स्टेशनवरून निरोप आला म्हणून गेलो. हवालदार अजिनाथ यांनी रिपोर्ट वाचून दाखवला. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार पूर्वीच गाव सोडून गेला आहे. साक्षीदार गोरक्ष म्हणतात, सही माझी आहे पण ती गॅसच्या कामाची, या इसमाला मी ओळखत नाही. साक्षीदार छबूबाई यांना ऐकू येत नाही असे त्यांनी सांगितले.

छबूमावशींना तिसऱ्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू येते.

मी म्हणत होतो. पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. लिडियाला म्हणालो, बघ, मला माणसं कळतात. ती कॅलेंडरकडे बघत बसली.

१३ मार्च

जाब विचारायला गोरक्षच्या घरात घुसलो. आवाज चढवला. त्याने आधी दार लावलं, खिडकी लावली, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाला, भाऊ, साध्या कपड्यात पोलीस आलता. तुमचं नाव घेत हुता. आमी त्याला असा घुमवला की विचारू नका.

त्याचं सगळं म्हणणं लिहून ठेवतो, कारण माझा अजून विश्वास बसत नाही. गल्लीने सगळं जुळवलं होतं. मालकाने काढलं, तरी डबा घेऊन स्टँडवर बसतो. प्रत्येकाला वेगळं कारण सांगतो. उजाडायच्या आत घरातला माल परक्या टेम्पोने हलवतो. चौकशी आली तर नाही म्हणा सांगतो. अर्थ एकच. मी गोडाऊनचा माल खाल्ला आणि आता पोलीस मागावर आहेत.

हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. शाळेच्या रिक्षावाल्यालासुद्धा. आणि पोलीस आल्यावर एकानेही तोंड उघडलं नाही. गोरक्षने तर पोलिसासमोर स्वतःची सहीसुद्धा अंगावर घेतली.

माझ्या इमानदारीवर संशय घेतला म्हणून चिडायचं होतं. चहा पिऊन घरी आलो.

१४ मार्च, धुळवड

निर्णय: संपूर्ण खरं सांगायचं. पेढे आणले. धुळवडीच्या निमित्ताने गल्ली जमली होतीच. सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं, लिडियाला आयर्लंडला नोकरी लागली आहे, आम्ही तिघं जाणार, पोलीस आले ते दाखल्यासाठी, मी काहीही खाल्लेलं नाही. हॉस्पिटलचं पत्र दाखवलं.

सगळ्यांनी पेढे घेतले. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. गोरक्ष म्हणाला, बरोबर हाय भाऊ, असंच सांगायचं, एकदम पक्कं. दुसरा म्हणाला, पत्र कुठं छापून घेतलं, लई भारी जमलंय. छबूमावशींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, लेकरा, झालं ते झालं, पोटासाठी माणूस कायबी करतं, देवाची माफी माग.

मी शपथ घेऊन सांगितलं. त्यांना आणखीच वाईट वाटलं.

१७ मार्च

नवीन अर्ज दिला. हवालदार अजिनाथ सभ्य माणूस आहे, पुन्हा येतो म्हणाले. गोरक्ष आणि मावशींना हात जोडून समजावलं, या वेळी खरं सांगा. मी इथं राहतो, चांगला माणूस आहे. दोघांनी वचन दिलं. आता काही अडणार नाही. माझंही तिकीट काढून ठेवावं का, असं लिडियाला विचारलं. ती म्हणाली, आधी दाखला.

२ एप्रिल

लिडिया आणि प्रार्थना गेल्या. तारीख पुढे ढकलता येत नव्हती. गोरक्षने मुंबईपर्यंत कुणाची तरी गाडी मागून घेतली, स्वतः चालवली, बॅगा उचलल्या. विमानतळावर प्रार्थनाने काचेच्या आतून हात केला. मी मागून आठवड्याभरात येतो असं सांगितलं होतं.

परतीच्या वाटेत गोरक्ष म्हणाला, बायकापोरांना आधीच बाहेर काढलं ते शहाणपणाचं केलं. आळेफाट्याला त्याने मला बळजबरीने मिसळ खायला लावली.

२४ एप्रिल

रिकाम्या घरात सतरंजीवर बसून लिहितोय. सकाळी हवालदार अजिनाथ यांचा फोन आला. दुसरी चौकशी झाली. म्हणाले, उजागरे, एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा प्रकार बघितला नाही. नुसते दोन साक्षीदार नाहीत, सगळी गल्ली बाहेर आली. सगळ्यांनी सांगितलं की तुम्ही इथंच राहता, देवमाणूस आहात. कुणी सांगितलं नसताना वेगळा कागद आणून सगळ्यांनी सह्या केल्या. पाळकसाहेबांचीही आहे.

छाती भरून आली. म्हणालो, मग दाखला?

त्यांनी मग कागद वाचून दाखवला. आम्ही खाली सह्या करणारे लिहून देतो की, शमुवेल उजागरे यांचा परदेशी पळून जाण्याचा कोणताही विचार नाही. ते भिंगार सोडून कुठेही जाणार नाहीत, याची हमी आम्ही सर्वजण घेतो. पोलिसांनी बोलावल्यास आम्ही त्यांना हजर करू.

साहेब विचारतायत म्हणे, परदेशी जायचंच नाही तर दाखला कशाला आणि एवढी हमी कशाबद्दल. फाईल खुलाशासाठी परत. खुलासा कधी होईल, ते सांगता येत नाही.

दुपारी प्रार्थनाचा फोन आला. पप्पा, तुम्हाला सह्या मिळाल्या का? मिळाल्या म्हटलं. खूप मिळाल्या. मग या ना, म्हणाली. इकडे आईला नाईट ड्युटी असते आणि मला एकटीला भीती वाटते.

फोन ठेवला आणि रडू आलं. मोठ्याने आलं. दार उघडंच होतं. गोरक्ष आत आला. शेजारी सतरंजीवर बसला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, रडू नका भाऊ, आमी सगळे हाय, तुमाला कुठंबी जाऊ देनार न्हाई.