ट्रेलरला ब्रेक कशाला?

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.
रोजनिशी पाच दिवस उशिरा सुरू. चालायचंच. प्लॅनिंगला वेळ लागतो.
बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातली नोकरी मी स्वतः सोडली, हे इथे एकदा नीट लिहून ठेवतो. एचआरची भव्या काहीही सांगत फिरो.
छोटी पोकलेन आली. दीड टन. भाड्याने द्यायची. आता ती वाहून न्यायला पिकअपमागे ट्रेलर हवा. बायकोचा, अनुसूयाचा, धाकटा भाऊ दयानंद निपाणीहून आलाय. नऊ वर्षं खाणीवर हेच मशीन चालवलंय म्हणे. पक्की नोकरी सोडून आला. तुमच्या शब्दावर आलोय दाजी, म्हणाला. मार्चमध्ये बायकोला, शिवलीलाला, आणि पोरांना आणणार. बरं वाटलं. शब्दाला किंमत देणारं कुणीतरी उरलंय.
संकल्प: ट्रेलरचे सगळे निर्णय मी घेणार. हात त्याचे, डोकं माझं.

८ जानेवारी, बुधवार.
बोम्मसंद्र्याला मंजुनाथच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये गेलो. तो हिंदीत सुरू झाला. मी थांबवलं. अकरा वर्षं बेंगळुरूत काढलीत, कन्नडच बोला म्हटलं. खूश झाला बिचारा.
प्रश्न रॅम्पचा. मशीन ट्रेलरवर चढवायला मागे दोन फळ्या लागतात. दयानंद म्हणे आठ फुटी पाहिजेतच की, वर जाळी मारून, नाहीतर मशीनचा पट्टा घसरतोय. आठ फुटी रॅम्प रोज उचलणार कोण? मी चार फुटी ठरवल्या. हलक्या, सुटसुटीत. मध्ये मध्ये बोलतो म्हणून दयानंदला चहाला पिटाळलं आणि मंजुनाथला लॅपटॉपवर ड्रॉइंग दाखवलं. त्याने रॅम्पच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, सरी इल्ल सार.
सरी म्हणजे बरोबर. ‘इल्ल’ हे त्यांचं शेपूट, आपल्या ‘ना’सारखं. बरोबर आहे ना! सरी इल्ल! मराठी माणसाला कन्नड काय अवघड आहे?

११ जानेवारी, शनिवार.
ब्रेक. मंजुनाथने दोन प्रकार दाखवले. एकात ट्रेलरने पुढे ढकललं की ब्रेक आपोआप लागतात. दुसरे विजेवरचे, पिकअपमध्ये बटण. दोन्ही फालतू. पिकअपला चार चाकांना ब्रेक आहेत, मागून येणाऱ्याला वेगळे कशाला? आमच्या ऑफिसात मागे बसून ब्रेक लावणारे सात जण होते. काय झालं कंपनीचं? (कंपनी चालू आहे. पण तो मुद्दा नाही.)
ब्रेक बेडा, म्हणजे नकोत, म्हटलं. त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, सरी इल्ल सार, सरी इल्ल. दोनदा! मग कन्नडमध्ये काहीतरी लिहून माझी सही घेतली. गॅरंटी असणार.

१४ जानेवारी, मंगळवार.
संक्रांत. दयानंदने तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाला, दाजी, ब्रेक तेवढे बसवून घ्या. गोड बोलायचा दिवस म्हणून मी फक्त एवढंच म्हणालो की खाणीतली अक्कल खाणीत ठेवून यावी. अनुसूयाने जेवताना माझ्यापुढे ताट आपटलं. भाऊ आला की बायका अशाच.

२० जानेवारी, सोमवार.
मंजुनाथ ट्रेलर घेऊन आला. पिवळाधमक. मागे ‘गिरीधर एंटरप्रायझेस’. दयानंदचंही नाव टाकायचं कबूल केलं होतं, पण जागा नव्हती. (होती. पण बरं दिसलं नसतं.) नारळ फोडला.
ट्रायल. मशीन अर्ध्या रॅम्पवर गेलं आणि पुढून उचललं गेलं. दयानंदने बकेट जमिनीला टेकवून कसंबसं सावरलं. घामाने निथळत उतरला. टेक्निक सुधारायला हवं त्याचं. मंजुनाथ पुन्हा सरी इल्ल म्हणाला. किती वेळा कौतुक करतो हा माणूस!

२७ जानेवारी, सोमवार. दुपारी ३. हॉस्पिटल.
पहिलं काम. एका लेआउटमध्ये, म्हणजे नव्या प्लॉटिंगमध्ये, नाला खणायचा. उतारावर पुढे रिक्षा थांबली. दयानंदने ब्रेक दाबला. पिकअप थांबायला लागली, ट्रेलर थांबेना. मागून ढकलत ट्रेलरने पिकअप आडवी केली आणि सगळं रस्त्याकडेच्या नाल्यात. मी शेजारी बसलो होतो. मला खरचटलंसुद्धा नाही. दयानंदचा डावा हात दोन ठिकाणी मोडला.
रस्त्याचा उतार चुकीचा आहे. तक्रार करणार.
रिक्षावाल्यामुळे झालं. त्याचीही तक्रार करणार.

२९ जानेवारी, बुधवार.
मंजुनाथ भेटायला आला. दयानंदशी खूप वेळ बोलला, माझ्याकडे बघितलं नाही. संहिताने, म्हणजे माझ्या नववीतल्या लेकीने, त्याने आणलेला, माझ्या सहीचा तो कन्नड कागद वाचून दाखवला. ‘ब्रेक नकोत असं गिऱ्हाइकाने स्वतः सांगितलं. मी असं करू नका म्हणत होतो.’
मी म्हटलं, कसं शक्य आहे, तो तर सरी इल्ल म्हणत होता. ती हसली. बाबा, म्हणाली, सरी इल्ल म्हणजे ‘बरोबर नाही’.
रोजनिशी चाळली. मंजुनाथचं सरी इल्ल, चार वेळा. माझ्याच अक्षरात.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.
दयानंद निपाणीला गेला. खाणीवर त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलाय, असं अनुसूयाकडून कळलं. त्याने मला सांगितलं नाही. पिशवी मी घेतो म्हटलं, दिली नाही. बसस्टँडवर एकाच हाताने वाकून पाया पडला. मी म्हणालो, हात बरा झाला की ये रे, आठ फुटी रॅम्प करू, ब्रेक बसवू, तुझंही नाव टाकू. सगळं सरी होईल.
तो बसच्या पायरीवर चढला, वळला आणि म्हणाला, इल्ल दाजी.
आज त्याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.