सुनेवर घातलेल्या अटी काढून टाकल्याबाबत

गेल्या रविवारी आमची विधवा सून मालती हिने सुरतेतल्याच पांडेसऱ्याच्या गंगाराम निकुंभ याला लग्नासाठी नकार कळवला. शेजारी राहणाऱ्या शिक्षिका सरलाबाई यांनी ही गोष्ट पक्की केली, कारण निरोप त्यांच्याच तोंडी गेला. तो ऐकल्यावर मी हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

मी, सुकलाल पुंजू भदाणे, वय सहासष्ट, मूळ राहणार बेटावद, जिल्हा धुळे, हल्ली राहणार उधना, सुरत, यंत्रमागाच्या कारखान्यातला निवृत्त जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. माझे छातीचे दुखणे वाढले आहे आणि डोके जागेवर आहे; डॉक्टरांनी परवा दोन्ही सांगितले. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आला तो लिहू नये म्हणून. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो.

त्या कागदाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. माझा एकुलता मुलगा भटू काविळीने गेला, त्या वर्षी तो केला होता. घर मालतीला दिले होते, पण तिने पाट लावून दुसरे लग्न केल्यास घर सोडावे, आमच्या घरचे सोन्याचे डाग उतरवून ठेवावेत आणि माझी नात उषा हिला भदाण्यांच्या घरी ठेवून जावे, अशा अटी होत्या. आमच्याकडे विधवेचा पाट लागतो, त्याला कोणी नावे ठेवत नाही. मात्र ती निघते तेव्हा पहिल्या घरचे सगळे मागे ठेवून निघते, लेकरूसुद्धा. रीतच तशी, म्हणून मला त्यात काही वावगे दिसले नाही. वकीलसाहेब तर उत्साहाने विचारत होते, "काका, हजु एक शरत उमेरीए?" अजून एक अट घालू या का म्हणून. धाकटा भाऊ धुडकू शेजारी बसून मान डोलवत होता.

गंगाराम रंगाईच्या कारखान्यात आहे, विधुर आहे, मोजके बोलतो. तो घरी येऊ लागला तशी धुडकूने मालतीला त्या अटी अंगणात उभे राहून, चार घरांना ऐकू जातील अशा ऐकवल्या. मालती सरलाबाईंना म्हणाली, "घर जाऊ द्या हो बाई. पण उषीला इथं टाकून मी पांडेसऱ्याला काय चुलीपुढं रडत बसू?"

कलम १. उधन्याचे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, भांडी व कपाटासह, मालतीला. पुढे "परंतु" नाही.

कलम २. माझी पत्नी कै. मीराबाई हिच्या पाटल्या आणि मालतीच्या अंगावरचे सर्व डाग मालतीचे. ती कोणाच्याही घरी गेली तरी ते तिच्या अंगावरच जातील.

कलम ३. उषा आईजवळ राहील. आई जिथे, तिथे ती. आजोबाला भेटायला पांडेसऱ्याहून यायचे झाल्यास मला आवडेल, पण ही अट नाही.

कलम ४. गावच्या शेतातला माझा हिस्सा धुडकूला. तोच कसतो, त्यानेच घ्यावा. या घरावर त्याचा हक्क राहणार नाही. काल हे त्याला सांगितले, तर तो ताडकन उठला.

"दादा, हाई भटूनं घर शे! सकाय दुसरा माणूस आठे खाट टाकी." उद्या परका माणूस इथे खाट टाकेल म्हणून.

मी म्हणालो, "टाकू दे. भटूनी खाट खालीच पडेल शे." ती रिकामीच पडली आहे.

"लोके काय म्हणतीन?"

"लोकेस्ले चहा पाज."

तो चहा न घेता गेला. टोपी विसरला, ती मालतीने खुंटीला लावली आहे.

कलम ५. माझे पाने, हातोडी व तेलाची कुपी शालिग्रामला. तो माझ्या हाताखाली तयार झाला. कापड सैल येते म्हणून आमच्या कारागिरांनी एका मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, दांडीला वजनाबरोबर एक वीट बांधली होती. मग तार तुटू लागली, म्हणून सुताला खळ वाढवली, मग खळीने फणी भरली, म्हणून पोऱ्या बसवला फणी पुसायला. मी वीट सोडली आणि घासलेला पट्टा बदलला. शेठ वैतागून म्हणाले, "मास्टर, तमे तो बधुं काढी नाखो छो!" तुम्ही तर सगळे काढूनच टाकता म्हणून. शालिग्रामने हे काम असेच करावे. काय जोडायचे ते सगळेच सांगतात.

घरी मात्र हे मला उशिरा सुचले. भटूनंतर मालती खंगत गेली, तेव्हा ज्याने त्याने तिच्यावर काहीतरी चढवले. कोणी सोमवारचा उपास दिला, कोणी गंडा, कोणी अनवाणी चालायचा नवस. गावाहून आमच्या नात्यातल्या सोनाबाई सोबतीला आल्या त्या मुक्कामालाच राहिल्या आणि रोज भटूची आठवण काढून तिला रडवू लागल्या. शेवटी सोनाबाईंना साडी नेसवून मी बेटावदच्या गाडीत बसवले. सोमवार सुटला, गंडा सुटला. मालती जेवू लागली, आणि एकदा उषीवर खेकसलीसुद्धा, तेव्हा मला बरे वाटले. सोनाबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना माझा नमस्कार. याशिवाय काही नाही.

कलम ६. माझ्या तेराव्याला जेवणावळ घालू नये. मालतीला त्या दिवशी कोणी सांत्वनाची कथा सांगू नये.

हे मृत्युपत्र माझ्या मरणापर्यंत पेटीत ठेवायचे नाही. येत्या रविवारी दुपारी सरलाबाई ते सर्वांसमोर वाचतील. गंगारामला बोलावले आहे. तो येईन म्हणाला. धुडकूही येईल, मधेच उठून जाईल आणि दारात थांबून बाकीचे ऐकेल, असा माझा अंदाज आहे. वाचून झाल्यावर मालतीला कोणी काही विचारू नये. गंगारामला ती आता हो म्हणेल, असे मला वाटते. नाही म्हणाली तरी वरचे एकही कलम बदलणार नाही.

हे मी वाचून पाहिले, समजून घेतले आणि खालील साक्षीदारांदेखत सही केली. त्यांना यातून काहीही मिळत नाही.

सुकलाल पुंजू भदाणे

साक्षीदार:
सरलाबाई वाणी, शिक्षिका, उधना
भाऊराव अहिरे, निवृत्त रेल्वे कर्मचारी, उधना

स्थळ: उधना, सुरत
दिनांक: १८ ऑक्टोबर १९७३