सी जातं, डी राहतं

३ फेब्रुवारी, सोमवार

तळघर रिकामं करायचं. उन्नीनं आज सगळ्यांसमोर जाहीर केलं. सगळ्यांसमोर म्हणजे माझ्यासमोर आणि कॉफीच्या किटलीसमोर. या संग्रहालयात आम्ही दोघीच. ती संचालक, मी उरलेलं सगळं.

भरतीचं पाणी भिंतीतून आत येऊ लागलंय. जाळी, वल्ही, पिंपं माळ्यावर नेता येतील. सर्व्हर नेता येत नाही.

"तो क्लाउडवर टाक," ती म्हणाली.

"मी?"

"साहित्य शिकलीस ना? सूचना वाचता येतात ना? मग!"

सर्व्हरमध्ये आवाज आहेत. बेटावरच्या मच्छीमारांचे, शहाऐंशी सालचे. कोणत्या खुणा धरून कुठं जायचं, कॉड मासा कुठं सापडतो, ते सांगणारे. मूळ फिती केव्हाच बुरशीला गेल्या. आवाजांतला एकच माणूस आता जिवंत आहे — हिल्मार.

आणि २७ मार्चला पालिकेत सुनावणी! सामन मासे पाळणारी कंपनी समुद्रात पिंजरे टाकणार. जागा दोन. उत्तरेला ग्रोशेरच्या खडकांपाशी, नाहीतर दक्षिणेच्या खाडीत. कॉड जिथं अंडी घालायला येतो ती जागा सोडायची आणि दुसरी द्यायची. पुरावा आमच्याकडं. हिल्मार त्या आवाजात स्वच्छ सांगतो: ग्रोशेर, उत्तर.

म्हणजे पिंजरे दक्षिणेला. आवाज फक्त सुखरूप हलवायचा. एवढंच काम.

५ फेब्रुवारी

विंडोज सर्व्हरची व्हर्च्युअल मशीन तयार करायची. म्हणजे संगणक, पण नसलेला. पानावर प्रश्नच प्रश्न. नाव काय? केवढी? कुठं ठेवू?

'कुठं' ला मी 'उत्तर युरोप' निवडलं. आम्ही आहोतच की उत्तरेला! याहून उत्तरेला नुसतं बर्फ. अर्ध्या तासानं मशीन तयार झाली आणि कळलं — ती आयर्लंडमध्ये आहे.

उत्तर युरोप म्हणजे आयर्लंड. मग आम्ही कुठं?

उन्नी म्हणाली, आवाज देशाबाहेर जाता कामा नयेत. मशीन मोडली. नसलेली गोष्ट मोडायलाही खूप वेळ लागतो.

६ फेब्रुवारी

नवी केली. आपल्या देशात. परवलीचा शब्द मी ठेवलेला, माझ्या हातानं टाइप केलेला. मशीन म्हणते, चूक!

७ फेब्रुवारी

मशीनच्या आत इंग्रजी कीबोर्ड आहे. मी आमची कळ दाबते, तिला दुसरंच अक्षर पोचतं. माझं बरोबर, तिचंही बरोबर.

सगळं पुन्हा. या वेळी नुसते आकडे आणि साधी अक्षरं. आत शिरले! निळा पडदा, कोपऱ्यात कचऱ्याची टोपली. घड्याळ एक तास मागं. मी कुठं आले, कळेना. खिडकीबाहेर शेजारी बर्फ ओढत होता, त्याच्याकडं बघितलं तेव्हा बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

कोलब्यर्नला फोन. जुना सर्व्हर त्यानं लावला, तीस वर्षं सांभाळला. शहाऐंशी साली रेकॉर्डर खांद्याला लावून बेटावर घरोघर हिंडणाराही तोच. निवृत्त होऊन आता होडीघरात बसतो आणि लाकडाचे पक्षी करतो.

"आवाज कुठं ठेवू? सी की डी?" मी विचारलं.

"हे काय विचारणं झालं? सी विंडोजचं. ते बिघडतं, पुसावं लागतं. आपलं सगळं डीवर. सी जातं, डी राहतं!"

"नव्या मशीनमध्ये डी आहे. आपोआपच आलंय."

"मग झालं तर. हिल्मारला नीट उचल हं. तसा आवाज परत मिळायचा नाही. दुसऱ्या कुणाला त्यानं दारात उभं केलं नसतं. मला सांगितलं."

दरवेळी हे सांगतो.

डीमध्ये आधीपासून एक फाईल होती. इंग्रजी. उघडली. इथं ठेवलेलं काहीही तात्पुरतं आहे, ते नाहीसं होऊ शकतं, कायम ठेवायचं ते इथं ठेवू नये.

दोनदा वाचलं. यंत्रानंसुद्धा इतकं उदास असावं! वाक्य छान होतं. लय होती त्याला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस आवाज वर चढत होते. आज पहाटे शेवटचा चढला. हिल्मार ऐकला — पन्नाशीतला, ठणठणीत. "चर्चचा कळस होडीघराच्या कोपऱ्यावर आण, दोन्ही शिखरं एकामागं एक कर, तिथं ग्रोशेर." डीवर, सुखरूप.

ई-कचऱ्याची गाडी महिन्यातून एकदाच येते, ती आजच यायची होती. सर्व्हरचा निरोप घ्यायला कोलब्यर्न सकाळीच येऊन तळघरात एकटा बसून गेला. मग मी आणि उन्नीनं खोकं उचलून गाडीत टाकलं. हलकं वाटलं. एवढी वर्षं त्याला किती जड समजत होतो!

२० फेब्रुवारी

बिल बघून उन्नी पांढरी पडली. "रात्रीही चालू असतं का ते?"

"मी रोज बंद करते. विंडोजमधून, नेहमीसारखं."

"मग पैसे कसले?"

शोधलं. आतून बंद केलं तर मशीन झोपते, पण तिची खोली आपल्याच नावावर राहते. खोली सोडायची असेल तर बाहेरून, त्यांच्या पानावरून थांबवावी लागते.

"मग सोड की खोली! रिकाम्या खोलीत दिवा कशाला?"

तिच्या आईचं घरही असंच होतं म्हणतात. पाहुणा उठला की त्याच्या मागोमाग अंधार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

निघताना: दिवे, हीटर, किटली, मशीन. बाहेरून थांबवली. पानावर लिहून आलं, मोकळी केली. मलाही मोकळं वाटलं. घरी शुक्रवारचं जेवण, टाको.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डी रिकामा आहे.

रिकामा नाही. ती एक फाईल आहे.

२५ फेब्रुवारी

मदतीच्या खिडकीतल्या माणसानं नम्रपणे लिहिलं. डी हा त्या खोलीतलाच फळा. खोली सोडली की पुसला जातो. आपल्यासाठी तशी सूचना तिथंच ठेवली होती. आपण ती वाचलीत का?

वाचली. दोनदा. लय आवडली मला तिची!

साधं वाक्य साधं म्हणून वाचायला मला विद्यापीठात कुणी शिकवलं नाही. उलट ते विसरायलाच शिकवलं.

जपून ठेवलेली प्रत? त्यासाठी वेगळी खूण करायची होती. ती काय आहे हे कळलं नव्हतं, म्हणून केली नाही. कचऱ्याच्या डेपोला फोन केला. बाई म्हणाली, चौदा तारखेचं ना? त्याचा भुगा झाला.

२६ फेब्रुवारी

उन्नीला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं वॉफल केले. मी खाल्ले.

मग म्हणाली, "हिल्मार आहे ना अजून?"

"त्र्याण्णव वर्षांचा आहे."

"आहे ना पण?"

कोलब्यर्नला कसं सांगू?

४ मार्च

वृद्धाश्रमात गेले. हिल्मार खिडकीपाशी, मांडीवर घोंगडी. हात कानाला लावून मला न्याहाळलं.

"कुणाची तू?"

"अर्न्टची नात. सिग्रुन."

"होड्या बांधायचा तो अर्न्ट? त्याला पोहता येत नव्हतं."

"तुम्हाला येतं?"

"मला पडायची सवय नाही."

रेकॉर्डर काढला तर म्हणाला, खिशात ठेव ते. ठेवला. विचारलं, कॉडची जागा कुठली?

"उत्तरेला. ग्रोशेर. कोलब्यर्नला सांगितलंय ना मी."

अगदी तेच. शब्द न् शब्द. जीव भांड्यात पडला. पण बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता. दाराकडं बघत होता.

बाहेर पडले तेव्हा लक्षात आलं — रेकॉर्ड काहीच झालं नाही. पुन्हा जायला हवं.

१० मार्च

कोलब्यर्नचा फोन वाजतो. उचलत नाही. भित्री!

११ मार्च

आज खाऊ नेला, फिशकेक. आणि खरं तेच बोलायचं ठरवून गेले.

"तुमचा आवाज माझ्या हातून पुसला गेला. शहाऐंशीचा."

"कुठं गेला?"

"कुठंच नाही. नाहीसा झाला."

त्यानं खाणं थांबवलं नाही. "लोक जातात, आवाज राहून काय करतो?"

"सुनावणीला लागणार होता. सामनचे पिंजरे यायचेत. तुमची जागा उत्तरेला, म्हणून पिंजरे दक्षिणेच्या खाडीत टाकणार."

आता थांबला.

"दक्षिणेला? कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

कवळी काढून पुन्हा बसवली. मग म्हणाला, "दार लाव. बाहेर शेजारच्या खोलीतला यूहान बसलाय. पाय गेले, डोळे गेले, मेल्याचे कान तेवढे शाबूत आहेत."

दार लावलं.

"अगं, कोडग्यासारखं विचारायला आला होता तो कोलब्यर्न. यंत्र घेऊन! खरी जागा कुणी सांगतं का? मी सख्ख्या मेहुण्याला सांगितली नाही. आणि कोलब्यर्नच्या भावाची बोट माझ्या बोटीला लागून बांधलेली! मी सांगितलं उत्तर. बाकीच्यांनीही आपापलं काहीबाही सांगितलं असणार. भल्या माणसांनी." खो खो हसला. खोकला. परिचारिका डोकावून गेली. "त्याच्या भावानं तो हिवाळा ग्रोशेरला जाळी टाकली. पुढचाही. मग बोट विकली."

"म्हणजे कॉड—"

"काढ तुझं यंत्र."

काढलं. तो त्याच्याकडं बघत राहिला. बाळ परक्याच्या हाती द्यावं तसा चेहरा. मग हळू आवाजात, जवळजवळ कुजबुजत, बोलला. दक्षिणेची खाडी. अमुक खडक पांढऱ्या घराच्या धुराड्याखाली आणायचा. तमुक शिखर दिसेनासं होईपर्यंत वल्हवायचं. तिथं. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. अंडी घालायला.

"वडिलांनी मला सांगितली, ते गेले त्या आठवड्यात," म्हणाला. "मला मुलगा नाही. आता अर्न्टची नात. आणि पालिका!" थुंकल्यासारखं केलं.

उठताना मी विचारलं, "हे खरं कशावरून?"

"कशावरूनच नाही," तो म्हणाला. फिशकेक उरला होता, तो खाल्ला.

१२ मार्च

उन्नीला ऐकवलं. ती डोकं धरून बसली.

"चार तारखेला उत्तर. अकराला दक्षिण. सुनावणीत हसतील, सिग्रुन! कंपनीचा वकील म्हणेल, म्हाताऱ्याला काल काय जेवला ते तरी आठवतं का? जुना आवाज असता तर—"

"जुना आवाज खोटं बोलतो."

"पण किती स्पष्ट बोलतो!"

हो. तेच तर.

काय ते कळत नाही. खोटं बोलणारा माणूस म्हणतो की मी खोटं बोललो होतो. मग आता? पन्नाशीतला हिल्मार धडधाकट होता आणि फसवत होता. त्र्याण्णवचा थरथरतो आहे आणि — आणि काय? मी त्याचा हात बघितला. हातावर विश्वास ठेवायचा का? पालिकेला हात पाठवता येत नाही.

१७ मार्च

नवा आवाज ठेवला. सीवर नाही, डीवर नाही. वेगळी कायमची डिस्क मागून जोडली, तिला अक्षर मिळालं एफ. जपून ठेवायची खूणही केली. एक प्रत खिशात. मशीन थांबवली, चालू केली, बघितलं. आहे. पुन्हा थांबवली. आहे.

२१ मार्च

उन्नी म्हणाली, पाठव. दुसरं काही नाहीच आपल्याकडं. "एकच आवाज असला की तो खरा," म्हणाली. विनोद करत नव्हती.

पालिकेला पाठवला. पोच आली. जुना आवाज होता आणि गेला, हे पत्रात कसं लिहायचं, त्याचं वाक्य अजून जुळत नाही. सुनावणीत तोंडी सांगावं लागेल. विचारतील, त्यात काय होतं?

२५ मार्च

हिल्मारकडं गेले. झोपला होता. यूहान बाहेर बसलेला. म्हणाला, "दक्षिणेची खाडी काय? मला साठ सालापासून माहीत आहे. सांगू नकोस त्याला."

हे खरं? की दाराला कान लावून मिळवलेलं? विचारायचं धाडस झालं नाही.

२६ मार्च

कोलब्यर्नचा फोन. उचलला. एका दमात सगळं सांगून टाकलं — मशीन, डी, पुसलेला फळा. हिल्मारचं मात्र नाही.

तो हसायलाच लागला. "म्हणून उचलत नव्हतीस होय! अगं वेडे, मी त्या दिवशी तळघरात रडायला आलो होतो का? डिस्क काढून घेतल्या मी. तुम्ही रिकामं खोकं टाकलंत गाडीत. सगळे आवाज इथं होडीघरात आहेत. हिल्मारसुद्धा. उद्या सकाळच्या फेरीबोटीनं घेऊन येतो. वाचलीस!"

म्हणजे ग्रोशेर सांगणारा हिल्मार उद्या सुनावणीत! मी विचारलं, "तुमच्या भावाला ग्रोशेरला काय मिळायचं हो?"

तिकडं नुसते सीगल ओरडत होते.

"शेवाळ," तो म्हणाला.

मला वाटलं, ठेवला फोन.

"सिग्रुन, मघाशी मी काय म्हणालो? डिस्क? छे. म्हातारा झालोय. इथं नुसते लाकडाचे पक्षी आहेत."