नाडी बघायचं निमित्त

४ मार्च

आज पकडली गेले! तेही सहा नंबरच्या खाटेवरच्या बाईंकडून. उभं आयुष्य त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवलं — शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखाली जादाचा ब्रेक घेऊन. म्हणून वॉर्डात सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणतात. त्यांनाही ते आवडतं. पोटातला कॅन्सर यकृतात पोचलाय. आता आमचं काम म्हणजे दुखू न देणं, एवढंच.

मी उशी सरळ करत होते. म्हणाल्या, "सिस्टर, मेल्यावर काही असतं का हो? की नुसतंच बंद?"

मी त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघायला लागले.

"नाडी आत्ताच बघून झाली की! मी खरं काही विचारलं, की तुम्ही नाडी बघता."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. "विश्रांती घ्या," म्हणाले आणि सटकले. चक्क सटकले!

५ मार्च

डोक्यातून जात नाही. आज स्वतःवर पाळत ठेवली. खरंच की! कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, "मी कुणाचं वाईट केलं होतं, म्हणून हे वाट्याला आलं?" — आणि माझा हात निघाला त्यांच्या मनगटाकडे.

मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी सलाईनच्या नळीला टिचक्या मारते. प्रत्येकीचं काहीतरी असतं गं. या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडून द्यायचं." मग स्वतःच कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या.

घरी आल्या आल्या बाबा म्हणाले, "जरा बस ना, बोलायचंय." माझं अंग नुसतं आंबलं होतं. "आधी बीपी बघू," म्हणून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. बीपी ठीक. पट्टा मात्र सैल बसायला लागलाय, नवा घ्यायला हवा.

७ मार्च

ब्रेकबाईंची धाकटी बहीण रोज येते. पॅसेजमध्ये मला बजावते, "ताईला मरणाबिरणाचं बोलू देऊ नका हं. खचेल ती." आणि आत जाऊन, "ताई, बरी झालीस की मला गाडी शिकवायचीस!" बाई हसतात. ती गेली की डोळे मिटून म्हणतात, "तिच्यासाठी बरं व्हायचं नाटक करून दमले हो मी."

औषध वाढवलंय. गुंगी वाढतेय. डॉक्टर म्हणाले, बोलणं कधी बंद होईल सांगता येत नाही. म्हणजे काय बोलायचं ते आत्ताच. पण कुणाशी? बहीण बोलू देत नाही, नर्स नाडी बघते!

८ मार्च

सुट्टी. कपाट आवरलं. पुन्हा काढून पुन्हा आवरलं. चहा गरम केला, विसरले, परत गरम केला. बाबा मागे मागे. "काय बिनसलंय तुझं?" वसकन ओरडले त्यांच्यावर. खोलीत निघून गेले बिचारे.

९ मार्च

स्टूल ओढून ब्रेकबाईंपाशी बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून!

"मेल्यावर काय असतं, मला माहीत नाही," म्हटलं.

"चला, गाडी सुरू तरी झाली."

"तुम्हाला भीती कशाची वाटते?"

विचारलं खरं! उठून पळावंसं वाटत होतं. मग म्हणाल्या, "मरायची नाही एवढी. शेजारी कुणी नसेल, याची. मी तरी काय करायचे हो? ब्रेक क्वचितच दाबायचे. नुसती शेजारी असायचे, म्हणून ती घाबरलेली माणसं गाडी चालवायची. बहीण येऊन बसते, पण ती इथे नसतेच. मी बरी झाल्यानंतरच्या दिवसांत असते."

मला रडू आलं. आलं तर आलं.

"तुम्हाला वाटते का भीती?"

"हो. रोज."

त्यांनी माझं मनगट धरलं. "बापरे, सुसाट सुटलीय की!" म्हणाल्या. दोघी हसलो.

१० मार्च

बहिणीला पॅसेजमध्ये गाठलं. किती अडखळले! "त्यांना सगळं माहीत आहे. त्या तुम्हाला जपायला हसतात."

ती भडकलीच. "तुम्हाला सांगितलं होतं ना! कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" तक्रार करीन म्हणाली. आत गेली आणि खाटेभोवतीचा पडदा सर्रकन ओढून घेतला. मी बाहेर औषधांचा ट्रे घेऊन उभी. आधी काहीच ऐकू येईना. मग रडणं. मग बहिणीचा आवाज — "ताई, मलाही भीती वाटते गं." मग बराच वेळ दोघींची कुजबुज. मध्येच एकदा चक्क हसू!

तक्रार केली तर करू दे.

१३ मार्च

दुपारी ब्रेकबाई गेल्या. बहीण शेजारी होती. हात सोडला नाही तिनं.

१४ मार्च

बाबा म्हणाले, "जरा बस ना." पट्टा घेतलाच होता हातात. खाली ठेवला. बसले. "बोला बाबा."

"पोटात गाठ निघालीय. डॉक्टरांनी सांगून महिना होत आला. रोज तुला सांगायला बसतो, आणि तू पट्टा बांधतेस."